रेल्वेच्या कुंपणाचा खटला

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींपैकी कितीतरी घरांतली मुलेबाळे आज कॅलिफोर्नियात सान होजे, सनीवेल, क्युपर्टिनो, पालो आल्टो अशा गावांत नोकरीनिमित्त स्थायिक झाली आहेत. गणपतीत तिकडची आरतीही आपण आता फोनवर पाहतो. ही सारी गावे ज्या जिल्ह्यात येतात त्याचे नाव सांता क्लारा काउंटी. काउंटी म्हणजे साधारणपणे आपला जिल्हा. पण तिथली काउंटी स्वतः मालमत्ता कर वसूल करते आणि त्यातून शाळा, रस्ते, तुरुंग यांचा खर्च चालवते.

आज हा भाग संगणकाच्या धंद्यासाठी जगभर ओळखला जातो. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तिथे गव्हाची शेते आणि फळबागा होत्या. त्या काळी या जिल्ह्याने एका रेल्वे कंपनीवर थकलेल्या कराची फिर्याद लावली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १० मे १८८६ रोजी त्याचा निकाल लागला. निकाल दिला गेला तो रुळांच्या कडेच्या कुंपणावरून. पण आज कायद्याचे विद्यार्थी हा खटला शिकतात तो कुंपणासाठी नाही. ज्या प्रश्नाचा निर्णय न्यायालयाने दिलाच नव्हता, त्या प्रश्नाचा निर्णय म्हणून तो शिकवला जातो. हे कसे घडले, याची ही हकिकत.

चौघांची रेल्वे

१० मे १८६९ रोजी युटा प्रांतात प्रॉमन्टरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग जोडले गेले आणि सोन्याचा खिळा ठोकून समारंभ झाला. पश्चिमेकडून आलेली कंपनी सेंट्रल पॅसिफिक. तिचे मालक साक्रामेंटो गावातले चार व्यापारी होते: लीलँड स्टॅनफर्ड, कॉलिस हंटिंग्टन, मार्क हॉपकिन्स आणि चार्ल्स क्रॉकर. कोणी किराणा विकत होता, कोणी लोखंडी सामान. सरकारने त्यांना मार्गालगतच्या जमिनी दिल्या, कर्जरोख्यांचा आधार दिला. आणि डोंगर फोडण्याचे जीवघेणे काम हजारो चिनी मजुरांनी केले. पुढे सदर्न पॅसिफिक ही दुसरी मोठी कंपनीही याच मंडळींच्या हाती आली.

रेल्वे आली तेव्हा कॅलिफोर्नियाने तिचे स्वागतच केले होते. पण माल नेण्यास दुसरे साधन नाही आणि भाडे ठरवणारे हात मोजकेच, असे झाल्यावर शेतकऱ्याला रेल्वे सावकारासारखी वाटू लागली. १८७० नंतरच्या मंदीत हा राग वाढला. स्टॅनफर्ड स्वतः पूर्वी राज्याचा गव्हर्नर राहिलेला. त्यामुळे विधिमंडळ रेल्वेच्या खिशात आहे, ही भावना सार्वत्रिक होती. या असंतोषातून १८७९ साली राज्याने नवी घटना केली. तिच्यात रेल्वेवर अंकुश ठेवणारी कलमे होती, तशीच चिनी मजुरांविरुद्धची अत्यंत अन्यायकारक कलमेही होती. घटना करणारे लोक दुबळ्यांचे कैवारी होते, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

गहाणाचा हिशेब

वादाचे मूळ या नव्या घटनेतल्या कराच्या कलमात होते. समजा, एखाद्या शेतकऱ्याची बाग दहा हजार डॉलरची आहे आणि तिच्यावर चार हजारांचे गहाण आहे. नव्या घटनेप्रमाणे शेतकऱ्याने सहा हजारांवर कर भरायचा आणि उरलेल्या चार हजारांवर कर्ज देणाऱ्याने. एकाच मालमत्तेवर दोनदा कर बसू नये आणि कर्जबाजारी माणसाने आपल्या नसलेल्या संपत्तीवर कर भरू नये, असा त्यामागचा विचार होता. पण ही वजावट रेल्वे आणि तत्सम सार्वजनिक स्वरूपाच्या कंपन्यांना नाकारली होती. रेल्वेची मालमत्ता दहा हजारांची असेल तर तिच्यावर कितीही गहाण असो, कर पुऱ्या दहा हजारांवर. रेल्वे कंपन्यांनी तर आपली सारी मालमत्ता प्रचंड कर्जरोख्यांपोटी गहाण टाकलेली होती. त्यामुळे फरक लहानसहान नव्हता.

दुसरा बदल आकारणीचा. एकाहून अधिक काउंट्यांतून धावणाऱ्या रेल्वेचा मार्ग, रूळ, इंजिने, डबे आणि चालवण्याचा हक्क यांची किंमत राज्याचे मंडळ ठरवणार आणि लांबीच्या प्रमाणात ती काउंट्यांना वाटून देणार. बाकीच्या मालमत्तेची, म्हणजे इमारती, इतर जमिनी वगैरेंची, आकारणी त्या त्या काउंटीने करायची. ही विभागणी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे सारा खटला तिच्यावरच फिरला.

कंपन्यांनी कर भरण्यास नकार दिला. काउंट्यांच्या तिजोरीत खड्डा पडला आणि एकेक काउंटी न्यायालयात गेली.

व्यक्ती म्हणजे कोण?

रेल्वेच्या वकिलांनी आधार घेतला तो अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदाव्या दुरुस्तीचा. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. पण मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना दक्षिणेकडची राज्ये माणूस म्हणून वागवीनात. म्हणून १८६८ मध्ये ही दुरुस्ती झाली: कोणतेही राज्य आपल्या हद्दीतील कोणत्याही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही. रेल्वेचे म्हणणे असे की कंपनी हीसुद्धा व्यक्तीच आहे. शेतकऱ्याला गहाणाची वजावट मिळते आणि आम्हाला मिळत नाही, हा समतेचा भंग आहे.

कंपनीला व्यक्ती म्हणणे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पण ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याकडे देवस्थानच्या जमिनीच्या कागदावर मालक म्हणून खुद्द देवाचे नाव असते. देव दावा लावू शकतो, त्याच्यावर दावा लागू शकतो. मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका बंगाली कुटुंबाच्या खटल्यात स्पष्ट केले. आणि १९६९ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देवाच्या उत्पन्नावर प्राप्तिकरही लागू शकतो असे ठरवले. तेव्हा व्यवहाराच्या सोयीसाठी कायदा अशा व्यक्ती मानतो, यात वाद नव्हता. कंपनी जमीन घेऊ शकते, करार करू शकते, हे अमेरिकेतही सर्वमान्य होते. प्रश्न पुढचा होता. गुलामांच्या वेदनेतून जन्मलेल्या समतेच्या हक्काची ही कागदावरची व्यक्ती वाटेकरी होते का?

दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे होते. कंपनीमागे हाडामांसाचे भागधारक असतात. कंपनीवरचा अन्याय अखेर त्यांच्यावरच पडतो, असे रेल्वेपक्ष म्हणे. काउंटीचे उत्तर असे की माणूस आणि कंपनी यांत फरक करणे हा पक्षपात होत नाही. कंपनीला जन्म राज्याने दिला. तिच्यावर कर कोणत्या रीतीने बसवावा हे ठरवणेही राज्याच्याच अधिकारात येते.

सान मतेओचा खटला

पहिली लढत शेजारच्या सान मतेओ काउंटीने दिली. १८८२ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयात न्यायमूर्ती स्टीफन फील्ड आणि न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी रेल्वेच्या बाजूने कौल दिला. फील्ड हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. पण त्या काळी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती प्रांतोप्रांती सर्किट न्यायालयातही बसत आणि अपील वर गेले की तिथेही बसत. १८८५ मध्ये स्टॅनफर्ड यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावे विद्यापीठ स्थापन केले तेव्हा पहिल्या विश्वस्तांत फील्ड आणि सॉयर हे दोघेही होते. हे विद्यापीठ सांता क्लारा काउंटीतच आहे. त्या काळी अशा संबंधांचा विधिनिषेध आजच्याइतका नव्हता. तरी वाचकाने ते ध्यानात ठेवलेले बरे.

सान मतेओचे अपील डिसेंबर १८८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. रेल्वेच्या वतीने रॉस्को कॉन्कलिंग उभे राहिले. मोठे नाणावलेले राजकारणी. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातील पद मिळत असता त्यांनी ते नाकारले होते. त्यांचे खरे वजन मात्र वेगळ्या कारणाने होते. १८६६ मध्ये चौदाव्या दुरुस्तीचा मसुदा करणाऱ्या पंधरा जणांच्या समितीत ते स्वतः होते. तोवर अप्रकाशित असलेल्या समितीच्या कामकाजाच्या वहीतले उतारे त्यांनी वाचून दाखवले आणि सूचित केले की मसुदा करताना ‘व्यक्ती’ हा शब्द कंपन्यांनाही धरूनच निवडला होता. ज्याने लिहिले तोच अर्थ सांगतो आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? पुढे ती वही छापली गेली, अभ्यासकांनी ताडून पाहिली, तेव्हा कॉन्कलिंग यांच्या दाव्याला तिच्यात आधार सापडला नाही.

सान मतेओच्या खटल्याचा निकाल मात्र लागलाच नाही. मधल्या काळात कर भरला गेला, वाद उरला नाही, म्हणून १८८५ मध्ये अपील काढून टाकण्यात आले. आता रिंगणात सांता क्लारा होती.

निकाल कुंपणावर

जानेवारी १८८६ मध्ये सांता क्लाराचा युक्तिवाद झाला. काउंटीची बाजू डेल्फिन डेल्मस यांनी मांडली. समतेचे कलम माणसांसाठी आहे, ते कंपन्यांच्या तिजोरीची राखण करण्यासाठी नाही, असा त्यांचा रोख होता.

मे महिन्यात न्यायमूर्ती जॉन हार्लन यांनी निकाल वाचला. त्यात समतेचा प्रश्न नव्हता, गहाणाचा नव्हता, चौदाव्या दुरुस्तीचाही नव्हता. होते ते कुंपण. रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना कंपनीने कुंपण घातले होते. राज्याच्या मंडळाने मार्गाची किंमत ठरवताना त्या कुंपणाची किंमतही आत धरली. हार्लन म्हणाले, कुंपण हा मार्गाचा भाग होत नाही. त्याची आकारणी काउंटीने वेगळी करायची होती. मंडळाने सगळे एकत्र करून एकच आकडा लिहिला. त्यातून कुंपणाचा हिस्सा वेगळा काढता येत नाही. म्हणून सारी आकारणीच बेकायदा. एवढ्यावर खटला संपत असल्यामुळे घटनेच्या गहन प्रश्नात शिरण्याचे कारण उरत नाही.

न्यायालयांची ही जुनी आणि शहाणी रीत आहे. लहान कारणाने वाद मिटत असेल तर मोठा प्रश्न उकरून काढू नये. न्यायमूर्ती फील्ड यांना मात्र ते रुचले नाही. त्याच दिवशी सान बर्नार्डिनो काउंटीच्या जोडखटल्यात त्यांनी निकालाला संमती देताना वेगळी टीप लिहिली आणि घटनेचे महत्त्वाचे प्रश्न न्यायालयाने सोडवले नाहीत याबद्दल खेद व्यक्त केला. ही टीप महत्त्वाची आहे. प्रश्न अनिर्णित राहिला, याची साक्ष खुद्द फील्ड यांनीच लेखी दिली.

सारांशातली ओळ

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल छापून प्रसिद्ध करण्याचे काम एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असे. वृत्तलेखक म्हणू या. ते तेव्हा बँक्रॉफ्ट डेव्हिस यांच्याकडे होते. निकालाच्या आधी थोडक्यात सारांश देण्याची पद्धत आहे. आपले वकील त्याला हेडनोट म्हणतात. युक्तिवाद सुरू होण्यापूर्वी सरन्यायाधीश मॉरिसन वेट तोंडी काही बोलले होते. त्याचा आशय असा: चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षण या कंपन्यांना लागू आहे की नाही यावर न्यायालय युक्तिवाद ऐकू इच्छित नाही, ते लागू आहे असेच आम्हा सर्वांचे मत आहे.

मे १८८६ अखेर डेव्हिस यांनी वेट यांना पत्र लिहून विचारले की हे बोलणे मी बरोबर टिपले आहे का. वेट यांनी उत्तर दिले की साधारण बरोबर आहे. पण निकालात आपण घटनेचा प्रश्न टाळलेला असल्याने त्याचा उल्लेख अहवालात करावा की नाही हे तुम्हीच ठरवा. डेव्हिस यांनी उल्लेख केला, आणि तो थेट निकालाच्या माथ्यावर. हा पत्रव्यवहार सर्वसामान्य अभ्यासकांपुढे आला १९६३ मध्ये, वेट यांचे चरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा.

यात कट होता असे म्हणणारेही आहेत. मला तसे वाटत नाही. वेट ते बोलले होते आणि बहुधा इतर न्यायमूर्तींचेही मत तसेच होते. दुःखाची गोष्ट निराळी आहे. एवढ्या मोठ्या प्रश्नावर युक्तिवाद ऐकला गेला नाही, कारणे लिहिली गेली नाहीत, विरुद्ध मत नोंदवण्याची वेळही कोणावर आली नाही. निकालाला कारणे असली की पुढच्या पिढीला ती तपासता येतात, खोडता येतात. इथे तपासायला काहीच नव्हते. होती फक्त एक ओळ.

१८८८ मध्ये वेट वारले. १८८९ मध्ये आणखी एका रेल्वेच्या खटल्याचा निकाल न्यायमूर्ती फील्ड यांनी लिहिला आणि त्यात, कंपनी ही या दुरुस्तीच्या अर्थी व्यक्ती आहे, यासाठी दाखला दिला सांता क्लाराचा. तीन वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाचा निर्णय झाला नाही म्हणून त्यांनी खेद केला होता, तोच आता झालेला निर्णय म्हणून त्यांनी पुढे केला. त्यानंतर दाखल्यावर दाखले चढत गेले. १९०६ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात बजावले की सारांश हे न्यायालयाचे लिखाण नसते. पण तोवर वीस वर्षे गेली होती.

एकाच दिवसाचे दोन निकाल

१० मे १८८६ या दिवशीच त्याच न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा आणखी एक खटला निकाली काढला. सान फ्रान्सिस्कोत सुमारे ३२० धोबीखाने होते; त्यांतले सुमारे ३१० लाकडी घरांत. शहराने नियम केला की लाकडी घरात धोबीखाना चालवायचा तर परवाना हवा. जवळजवळ २०० चिनी धोब्यांनी अर्ज केले, सगळे फेटाळले. इतर लोकांचे सुमारे ८० अर्ज होते. एक सोडून सगळे मंजूर. यिक वो या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात न्यायालयाने प्रश्नाला सरळ हात घातला आणि सांगितले की समतेचे कलम परदेशी माणसालाही लागू आहे. नियम वरवर सारखा दिसला तरी तो डोळा मारून राबवला तर तो अन्यायच आहे. इथे कारणे दिलेली आहेत आणि ती आजही वाचण्यासारखी आहेत.

पुढे काय झाले? ज्या कृष्णवर्णीयांसाठी हे कलम लिहिले गेले, त्यांना १८९६ मध्ये याच न्यायालयाने सांगितले की रेल्वेत तुमचा डबा वेगळा असला तरी समतेला बाध येत नाही. एकट्या हार्लन यांनी त्याला विरोध केला. आपल्या कुंपणाच्या निकालाचे लेखक तेच. १९३८ मध्ये न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी आपल्या विरोधी मतात हिशेब मांडला: पहिल्या पन्नास वर्षांत हे कलम ज्या खटल्यांत लावले गेले, त्यांपैकी कृष्णवर्णीयांच्या संरक्षणाचे खटले शेकड्याला अर्धाही नव्हते, आणि निम्म्याहून अधिक खटल्यांत त्याचा लाभ कंपन्यांसाठी मागितलेला होता. कुंपणच शेत खाते असे आपण म्हणतो, ते इथे शब्दशः पटते.

आपल्याकडे

हाच प्रश्न आपल्या प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी सोलापूरच्या गिरणीने उभा केला. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे तिथल्या लोकांची ‘जुनी गिरणी’, १९४९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगार उघडे पडले. जानेवारी १९५० मध्ये सरकारने खास वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात तक्रार केली की साऱ्या देशात एकाच कंपनीसाठी कायदा करणे हा समतेचा भंग आहे. डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने अर्ज फेटाळला गेला. पण न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी त्या वेळी उघडपणे, कारणे देऊन लिहिले की हक्काच्या स्वरूपावरून तो फक्त माणसालाच लागू होतो असे दिसत नसेल तर मूलभूत हक्क कंपनीलाही मिळतात. पुढे १९६३ मध्ये न्यायालयाने दुसरी मर्यादाही आखली: कंपनी व्यक्ती असली तरी नागरिक नाही, म्हणून नागरिकांची स्वातंत्र्ये तिने आपल्या नावाने मागू नयेत. ही मते कोणाला पटोत वा न पटोत, ती कारणांसह कागदावर आहेत. त्यांच्याशी वाद घालता येतो.

आणि रेल्वेवरच्या स्थानिक कराचे काय? आपल्याकडे रेल्वेचा इतिहास निराळा. १८७० मध्ये महाराज तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले. संस्थानांचा आणि सरकारचा पैसा रेल्वेत असल्याने नगरपालिकेने तिच्यावर हात टाकावा, ही कल्पनाच राज्यकर्त्यांना नको होती. १८९० च्या रेल्वे कायद्याने ठरवले की सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज रेल्वेला स्थानिक कर लागणार नाही. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या २८५ व्या कलमाने केंद्राची मालमत्ता स्थानिक करातून मुक्त ठेवली. पण रेल्वे वसाहतीलाही रस्ते, दिवे, गटारे लागतातच. हा तंटा वर्षानुवर्षे चालला आणि २००९ मध्ये राजकोट व इतर महापालिकांच्या प्रकरणात तोडगा निघाला: कर द्यायचा नाही, पण सेवाशुल्क द्यायचे, मिळणाऱ्या सोयींप्रमाणे ते मालमत्ता कराच्या ७५, ५० किंवा ३३ टक्के व एक तृतीयांश.

सांता क्लाराचा शेतकरी आणि आपली महापालिका यांचे गाऱ्हाणे शेवटी एकच आहे. जो गावाच्या जमिनीचा, रस्त्याचा, पाण्याचा उपयोग करतो त्याने गावाच्या खर्चातला आपला वाटा उचलावा. तो किती, यावर भांडण होणारच, आणि ते न्यायालयात व्हावे हेच बरे. मात्र तिथे जे ठरेल ते दोन्ही बाजू ऐकून आणि कारणे लिहून ठरावे. सांता क्लारा काउंटी आपला कर हरली. तो डाव एका वर्षाचा होता, पुढे भरून काढता येण्यासारखा. न ऐकलेल्या युक्तिवादाची किंमत मात्र तिच्या नातवंडांनीही मोजली. आपल्या मुलांच्या घरासमोरून सान होजेची लोकल गाडी धडधडत जाते, तेव्हा त्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.